पीएचपीमध्ये डिक्लेअर न केलेलं व्हेरिएबल: एरर न येता बिल कसं चुकतं?

विरारमधल्या एका सोसायटीसाठी मी पीएचपीमध्ये मेंटेनन्स बिलाचं छोटं पेज बनवलं होतं. व्हेरिएबलची नावं हौसेने मराठीत ठेवली. (चालतात! पीएचपीमध्ये व्हेरिएबलच्या नावात देवनागरी अक्षरं वापरता येतात.) एका महिन्यात थकबाकी असलेल्या सगळ्यांची बिलं कमी आली. ज्यांचे ९६०० रुपये व्हायला हवे होते त्यांना २४०० चं बिल गेलं, आणि लक्षात येईपर्यंत सेक्रेटरी काकांनी पावत्याही फाडल्या होत्या. पेज व्यवस्थित उघडत होतं. चूक या ओळीत होती:

$एकूण = $मेंटेनन्स + $थकबाकि;

वरच्या ओळीत रक्कम ठेवली होती $थकबाकी मध्ये. खाली वेलांटी पहिली पडली आणि पीएचपीच्या लेखी ते वेगळंच व्हेरिएबल झालं.

पीएचपीमध्ये व्हेरिएबल आधी डिक्लेअर करावं लागत नाही, किंमत दिली की ते तयार होतं. किंमत न देता वापरलंत तर पीएचपी त्याला 'नल' मानतं आणि पुढे जातं. बेरजेत नल म्हणजे शून्य, मजकुरात रिकामी जागा, 'इफ'मध्ये खोटं. जुन्या क्लासिक एएसपीमध्ये पानाच्या सुरुवातीला 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहिलं की डिक्लेअर न केलेल्या नावावर पेज तिथेच थांबायचं. पीएचपीमध्ये असा स्विच नाही. 'स्ट्रिक्ट टाइप्स' लावून हे सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याचा इथे काही उपयोग नाही.

मराठी नावांत आणखी एक छुपा खड्डा आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण पीएचपी बाइट्स बघतं, त्यामुळे त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून आता मी नावं इंग्रजीतच ठेवतो.

पूर्वी हे प्रकरण बिलाच्या चुकीपेक्षा भारी होतं. 'रजिस्टर ग्लोबल्स' चालू असेल तर यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर लिहिलेलं नाव थेट व्हेरिएबल व्हायचं. तुम्ही $अ‍ॅडमिन ला सुरुवातीची किंमत दिली नसेल, तर बाहेरचा माणूस यूआरएलमधून ती देऊन आत शिरू शकायचा. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ ला काढूनच टाकली.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, 'इफ'च्या आत किंमत मिळणाऱ्या प्रत्येक व्हेरिएबलला वरती सुरुवातीची किंमत द्या. फॉर्ममधून येणाऱ्या गोष्टींसाठी पीएचपी ७ पासून ?? आहे: डावीकडचं नसेल किंवा नल असेल तर उजवीकडचं घ्या. पण तो सगळीकडे शिंपडू नका. माझ्या त्या ओळीत $थकबाकि ?? 0 लिहिलं असतं तर उरलीसुरली वॉर्निंगही गेली असती. ओळीआधी @ लावणंही त्यातलंच. 'एम्प्टी' जपून वापरा, कारण सभासदाने खरोखर 0 भरलं तरी ते 'रिकामं' सांगतं.

आता वॉर्निंगबद्दल. पीएचपी ७ पर्यंत हा प्रकार फक्त 'नोटीस' होता आणि बऱ्याच सर्व्हरवर नोटिसा बंदच असायच्या. माझ्या होस्टिंगवरही तसंच होतं. २०२० च्या ८.० आवृत्तीपासून त्याची 'वॉर्निंग' झाली. लाइव्ह साइटवर एरर दाखवणं बंद ठेवा (फाइलचा पाथ लोकांना दिसतो), पण लॉगमध्ये लिहिणं चालू ठेवा आणि लॉग उघडून बघा. स्वतःच्या लॅपटॉपवर एरर हँडलर लावून प्रत्येक वॉर्निंगचं एक्सेप्शन करा, म्हणजे पेज जागेवर थांबेल. शिवाय 'पीएचपीस्टॅन' कोड न चालवताच अशी नावं पकडतं, अगदी शून्य लेव्हलवर. माझी वेलांटी त्याने पहिल्याच रनला दाखवली, अर्थात पावत्या फाडून झाल्यानंतर.

पीएचपी ९.० मध्ये अशा व्हेरिएबलवर थेट एरर येऊन पेज थांबेल, असा प्रस्ताव २०२२ मध्येच मंजूर झालाय. जुनी साइट सांभाळत असाल तर लॉगमधल्या या वॉर्निंग आत्तापासूनच संपवायला घ्या.