'आणि'चा भार

व्याकरणात उभयान्वयी अव्ययाला मान थोडा. दोन वाक्ये जोडून ते बाजूला होते. धर्माच्या इतिहासात मात्र या लहानशा शब्दाने मोठे प्रश्न उभे केले. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने विश्वासांगीकारात घातलेल्या 'फिलिओक्वे' या शब्दातील 'क्वे' म्हणजे 'आणि'च. १०५४ च्या दुहीत त्या शब्दाचाही वाद होता.

इस्लामी धर्मशास्त्रातही असेच घडलेले आम्हांस दिसते. अरबीत 'आणि'साठी 'व' येतो. वुजूच्या आज्ञेत (कुराण ५:६) चेहरा, हात, मस्तक आणि पाय 'व'नेच जोडले आहेत. आठव्या शतकातील व्याकरणकार सीबवैह याच्या मते 'व' केवळ जोडतो, क्रम सांगत नाही. क्रमासाठी 'फ' आणि 'सुम्म' ही अव्यये आहेत. म्हणून हनफी पंथाने हा क्रम अनिवार्य मानला नाही. शाफई पंथाने वाक्याची रचना व प्रेषितांचा परिपाठ पाहून तो अनिवार्य ठरविला.

याहून गंभीर प्रश्न चोविसाव्या अध्यायातील आहे (२४:४-५). शीलवती स्त्रीवर आळ घेऊन जो चार साक्षीदार आणत नाही, त्याला ऐंशी फटके मारावेत, आणि त्याची साक्ष कधीही मानू नये, आणि असे लोक दुराचारी होत. पश्चात्ताप करून सुधारणारे मात्र अपवाद, असा त्याचा आशय. हा अपवाद कुठवर पोहोचतो? हनफींच्या मते शेवटचा 'आणि' नवे विधान सुरू करतो. म्हणून पश्चात्तापाने दुराचाराचा डाग पुसला, तरी साक्षीचा हक्क परत येत नाही. शाफई, मालिकी व हंबली म्हणाले, 'आणि' मागचे विधान पुढच्यास बांधतो. म्हणून पश्चात्तापी माणसाची साक्ष पुन्हा ग्राह्य. फटक्यांची शिक्षा मात्र पश्चात्तापाने टळत नाही, हे बहुतेकांस मान्य होते.

येथे प्रश्न केवळ व्याकरणाचा उरत नाही. जिच्यावर आळ आला तिच्या अब्रूचे रक्षण हवे, आणि जो चुकला त्याला समाजात पुन्हा शब्द मिळावा, या दोन्ही गोष्टी न्यायाच्याच. एका पक्षाने पहिलीवर भर दिला, दुसऱ्याने दुसरीवर. तरीही हे चारही पंथ एकमेकांना प्रमाण मानीत आले. आपल्या कोकण किनाऱ्यावरील मुसलमान बहुधा शाफई, घाटावरचे बहुधा हनफी, आणि दोघांचा धर्म एकच.

प्रायश्चित्त संस्कारात आपल्याला क्षमा मिळते. परंतु क्षमा मिळालेल्या माणसाचा शब्द आपण पुन्हा मानतो काय? त्या जुन्या 'आणि'ने विचारलेला हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.