तारीख मंगळवारची, मृत्यू सोमवारी

सुरतच्या लाजपोर जेलमधून कुणी सुटणार म्हटलं की लिंबायत-उधन्यातल्या मराठी घरांत जामीनदार, सॉल्व्हन्सी, वकिलाची फी यांचीच धावपळ सुरू होते. माणूस आत कुठल्या गोळ्या घेत होता, हे विचारायचं राहूनच जातं. जेलच्या दारातून माणूस बाहेर येतो, पण त्याचा आजार कुणाच्या हाती सोपवला जातो? मुंबईजवळचं तळोजा जेल ते वांद्र्याचं रुग्णालय या एका कैद्याच्या प्रवासाचा घटनाक्रम त्यासाठीच इथे मांडला आहे.

मृत्यूच्या २७० दिवस आधी. ८ ऑक्टोबर २०२० च्या रात्री राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) रांचीजवळच्या ‘बगाईचा’ या केंद्रातून आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना अटक केली. प्रकरण एल्गार परिषदेचं, वय ८३, अंगात पार्किन्सन्स. रवानगी तळोजा जेलमध्ये.

२४१ दिवस आधी. हात थरथरायचा, पेला तोंडापर्यंत जात नसे. म्हणून ६ नोव्हेंबरला स्ट्रॉ आणि सिपर परत मागणारा अर्ज झाला. एनआयएने उत्तर द्यायला २० दिवस मागून घेतले. २६ तारखेला उत्तर आलं: या वस्तू आम्ही जप्त केलेल्याच नाहीत. मग पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवी तारीख. पाणी प्यायच्या नळीसाठी तारीख पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

४५ दिवस आधी. २१ मे २०२१. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या डॉक्टरांचा अहवाल मुंबई हायकोर्टापुढे होता: दोन्ही कानांनी ऐकू कमी येतं, हातापायांत त्राण नाही, मदतीला माणूस लागतो. फादर व्हिडिओवरून बोलले. तळोज्यात आलो तेव्हा चालत होतो, हाताने जेवत होतो, आता त्यातलं काहीच जमत नाही, असं त्यांनी सांगितलं. जे. जे.त जायला मात्र साफ नकार दिला. त्यापेक्षा इथेच मरेन, नाहीतर माझ्या माणसांत जाऊ द्या, हे त्यांचं मागणं.

३८ दिवस आधी. २८ मे. न्या. काथावाला आणि न्या. तावडे यांनी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात १५ दिवस हलवण्याचा आदेश दिला, खर्च कैद्याचा स्वतःचा. तिथे तपासणी झाली आणि कोविड निघाला. जेलमधून निघालेल्या माणसाबरोबर हा आजारही निघाला होता, पण त्याचा कागद कुठेच नव्हता. माझ्या मते फादरच्या जिवाचा निकाल इथेच लागला. पुढचे सगळे दिवस डॉक्टर उशीर भरून काढत होते.

४८ तास आधी. शनिवार, ३ जुलै. फादरचे वकील ॲड. मिहिर देसाई कोर्टाला सांगतात, फादर अजून आयसीयूतच आहेत. रुग्णालयातला मुक्काम वाढतो. जामिनाची सुनावणी मंगळवारी, ६ तारखेला.

रविवार, ४ जुलै. हृदयक्रिया बंद पडल्यानंतर फादर व्हेंटिलेटरवर. याच दिवशी राष्ट्रीय मानवाधिकार आयोग महाराष्ट्र सरकारला नोटीस काढतो: उपचारात कसूर नको.

सोमवार, ५ जुलै. देसाई तातडीने सुनावणी मागतात.

दुपारी १:२४. फादर स्टॅन स्वामी यांना मृत घोषित केलं जातं.

दुपारी २:३०. न्या. शिंदे आणि न्या. जमादार यांच्यापुढे सुनावणी सुरू होते. बोलायला उभे राहतात ते होली फॅमिलीचे डॉ. इयान डिसूझा. फुप्फुसाचा संसर्ग, पार्किन्सन्स, कोविडनंतरची गुंतागुंत, अशी कारणं ते सांगतात. खटला तोवर सुरूही झालेला नव्हता.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मंजूर केलेल्या मंडेला नियमांतला २४ वा नियम सांगतो की, जेलमधली आरोग्यसेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला जोडलेली हवी. टीबी, एचआयव्ही, व्यसनमुक्ती, कुठलाच उपचार मध्ये तुटता कामा नये. फादरजवळ नामवंत वकील होते, देशभर नाव होतं. लाजपोरहून सुटणाऱ्या यंत्रमाग कामगाराजवळ यातलं काय असतं?

म्हणून घरच्यांनो, जामिनाच्या कागदांबरोबर जेलच्या दवाखान्याचा केसपेपरही मागा. टीबी असेल तर सरकारी टीबी नोंदणीचा निक्षय आयडी लिहून घ्या, तो देशभर चालतो आणि सरकारी औषध फुकट मिळतं. एचआयव्हीची एआरटी औषधं सुरू असतील तर त्याचं पुस्तक सोबत घ्या. इन्सुलिन घेणारा असेल तर त्याचा पुढचा डोस कधी आहे ते दारातच विचारा. आणि घरी जाण्याआधी सुरतच्या नवी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात त्याच दिवशी नाव नोंदवा.