होम थिएटर संगणक

घरातील दूरचित्रवाणी संचास व ध्वनिवर्धकांस जोडून चित्रपट दाखविण्यासाठी जुळविलेला संगणक. जपानमध्ये १९९६ साली विक्रीस आलेल्या डीव्हीडी तबकडीमुळे त्याच्या विकासास चालना मिळाली. या तबकडीवरील चित्रण एमपेग-२ पद्धतीने संकोचित केलेले असते. ते उलगडण्यास प्रारंभीच्या संगणकांना स्वतंत्र कार्ड लागे. प्रोसेसर वेगवान झाल्यावर हे कार्य केवळ आज्ञावलीने होऊ लागले.

याहून मोठी अडचण कुलपाची होती. नक्कल रोखण्यासाठी तबकडीवरील चित्रण ४० बिटांच्या किल्लीने सांकेतिक केलेले असे व ती किल्ली परवानाधारक निर्मात्यांनाच मिळे. परिणामी रीतसर विकत घेतलेली तबकडीही लिनक्स प्रणालीवर चालविणे दुष्कर होते. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारी ‘डीसीएसएस’ ही आज्ञावली प्रसृत झाली. तीबद्दल नॉर्वेतील योन लेक योहान्सेन या तरुणावर खटला झाला. ऑस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्यास निर्दोष ठरविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय दिला.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती आणली. मिथटीव्ही आणि कोडी (२०१४ पर्यंतचे नाव एक्सबीएमसी) या मुक्त आज्ञावल्यांमुळे सुटे भाग जुळवून असा संगणक घरीच उभारणे सुलभ झाले. पुढे आंतरजालावरून थेट चित्रपट पाहण्याची सोय झाल्याने त्याची गरज घटली. २०१५ मधील विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळण्यात आले. तथापि आंतरजालावरील चित्रपट सेवादाता केव्हाही काढून घेऊ शकतो. गृहसंग्रहातील प्रत मात्र प्रेक्षकाच्याच ताब्यात राहते. त्यामुळे संग्राहकांत या संगणकाचे महत्त्व टिकून आहे.