शनवार तेल्यांचा घाणा आणि अष्टागरातील खोबरेल

अलिबागच्या उत्तरेस आवास, सासवणे, किहीम व थळ आणि दक्षिणेस अक्षी, नागाव, चौल व रेवदंडा अशी नारळी-पोफळीच्या वाड्यांची जी सलग ओळ समुद्राला लागून पसरली आहे, तिला अष्टागर म्हणतात. आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाचा हा मुलूख १८४० साली इंग्रजी अमलाखाली गेला, तोपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ काळ माड हीच येथील कुटुंबांची खरी मत्ता होती. या मत्तेतून घरात येणाऱ्या वस्तूंत खोबरेलाची योग्यता काही निराळीच होती. ते दिव्यात जळे, केसांना लागे, प्रसंगी फोडणीलाही पडे. आणि घरात कोणाला भाजले, खरचटले, अंगावर पुरळ उठले किंवा तान्ह्या मुलाची कातडी सोलवटली, तर सरकारी दवाखाना कोसभर दूर असलेल्या त्या काळात बायकांचा हात प्रथम याच तेलाच्या बुधलीकडे जाई. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत तेलांमध्ये अग्रमान तिळाच्या तेलाला आहे. नारळाच्या तेलाचा उल्लेख असला तरी तो दुय्यम. तेव्हा खोबरेलाच्या औषधीपणाचा इतिहास शोधायचा तर तो पोथ्यांपेक्षा तेल काढणाऱ्यांच्या आणि लावणाऱ्यांच्या व्यवहारात शोधला पाहिजे, असे मला वाटते; आणि अष्टागरात तो शोध आपल्याला एका विलक्षण समाजाच्या उंबरठ्याशी नेऊन सोडतो.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. थळजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते तेथेच पुरली गेली, आणि या चौदा जणांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. गलबताबरोबर धर्मग्रंथ बुडाले, भाषा विसरली, मराठी ही मातृभाषा झाली, वस्तीच्या गावांवरून नवगावकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली. परंतु शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, त्यांनी सोडली नाही. उपजीविकेसाठी त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला होता. शेजारचे हिंदू तेली महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा जुंपत नसत, हे शनिवारी जुंपत नसत. म्हणून ते सोमवार तेली आणि हे शनवार तेली. शतकानुशतके गावाने त्यांचा धर्म ओळखला तो एवढ्यावरूनच. त्यांच्यातीलच हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली पूर्ण झालेला तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे.

घाणा ही वस्तू आता ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. जमिनीत घट्ट रोवलेल्या लाकडी किंवा दगडी उखळात एक जड लाट तिरपी बसविलेली असते. तिला जोडलेल्या आडव्या लाकडावर वजन ठेवलेले असते आणि ते लाकूड डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल ओढीत असतो. नारळाच्या वाट्या उन्हात खडखडीत वाळवून, त्यांचे बारीक तुकडे करून ते उखळात टाकायचे, मधूनमधून पाण्याचा हलका शिपका द्यायचा, आणि लाट त्यांना उखळाच्या कडेशी रगडू लागली की आधी चिकट लगदा, मग गढूळ रस आणि शेवटी स्वच्छ तेल असा क्रम डोळ्यांदेखत घडत जायचा. वाटी नीट वाळलेली असेल तर खोबऱ्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल त्यात असते. ओली राहिली तर तिला बुरशी धरते आणि तेल खवट निघते. हा खवटपणा दिव्याला चालतो, औषधाला चालत नाही. म्हणून ज्या घरात बाळंतीण असे त्या घरची वडीलधारी बाई आपल्या वाडीच्या नारळांचे, आपल्याच अंगणात वाळविलेले खोबरे घाण्यावर पाठवी आणि तेच गाळून तेच परत यावे, असा आग्रह धरी. उखळातून काढलेली ऊन ऊन पेंड पोरे पळवीत आणि उरलेली गुरांपुढे जाई.

घाण्याचा धंदा जुना, तसा त्यावरचा करही जुना. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेल्या दानाचा जो शिलालेख आहे, त्याच्या मराठी भागात गावात जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल मठास द्यावे, अशी व्यवस्था केलेली आहे. हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे मराठीच्या अगदी प्रारंभीच्या लेखांपैकी एक. पुढे मुसलमानी आणि मराठी अमदानीत उदमी-कारागिरांवरच्या मोहतर्फ्यात घाण्यांचीही गणना होऊ लागली, आणि गावगाड्यात तेली अलुतेदारांत मोडू लागला. देवाच्या दिव्याला तेल, सरकारला पट्टी, गावाला औषध, असा तेल्याचा तिहेरी संबंध होता; दप्तरांत पहिले दोन नोंदले गेले, तिसरा नोंदविण्याचे कोणाला कारण पडले नाही.

सर्वच तेल मात्र घाण्यावरचे नसे. ओले खोबरे खवून, त्यात ऊन पाणी घालून, हाताने पिळून जो दाट रस निघतो तो मंद आचेवर आटवीत ठेवला म्हणजे पाणी उडून जाते, तळाशी तांबूस कीस बसतो आणि वर पाण्यासारखे निर्मळ, गोडसर वासाचे तेल तरंगते. यालाच कोकणात आवेल म्हणतात. एका वेळी थोडेच निघते, नारळ पुष्कळ लागतात, आणि कढईपाशी सारखे उभे राहावे लागते. त्यामुळे ते विकायला कोणी काढीत नसे, घरच्या माणसासाठीच काढी. तळाचा कीस गुळाबरोबर मुलांना मिळे. खोबऱ्याचे आणि ओल्या नारळाचे तेल यांच्यातला हा भेद किती जुना आहे, याला गोव्यातले एक उत्तम साक्षीपत्र आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली गोव्यात आला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीसंवादांत तो नारळाची दोन तेले स्पष्टपणे वेगळी सांगतो: ओल्या नारळाचे, ऊन पाण्याने काढलेले तेल सौम्य रेचक म्हणून, आणि सुक्या खोबऱ्याचे तेल शिरा आखडल्यावर व सांध्यांच्या जुन्या दुखण्यावर. युरोपातून आलेल्या या चिकित्सकाने हे ज्ञान कोणाकडून घेतले असेल? गोव्यातल्या वैद्यांकडून आणि घरांतून, हे उघड आहे. पुढे १६७८ साली ॲम्स्टरडॅमला मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, तेव्हा त्याचा आरंभच नारळाच्या झाडाने झाला, आणि त्या ग्रंथाच्या कामात कोचीनला जाऊन वसलेले रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते, त्यांची नागरी लिपीतील साक्ष त्याच खंडात छापलेली आहे.

आता प्रत्यक्ष अनुभवांकडे वळू. त्यांतला सर्वांत सार्वत्रिक अनुभव टाळू भरण्याचा. तान्ह्या मुलाच्या डोक्यावरची मऊ जागा दररोज तेलाने भिजवायची आणि मग सर्वांगाला मर्दन करून ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे, हा सुइणीचा नित्यक्रम होता. टाळू तेलाने लवकर भरते ही समजूत शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही, कारण तिथले हाड आपल्या वेळेनेच जुळते. परंतु मर्दनाविषयीचा बायकांचा विश्वास निराधार नव्हता. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी नवजात अर्भकांच्या मालिशीची तुलनात्मक पाहणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत अपुऱ्या दिवसांच्या मुलांची खोबरेल लावून केलेल्या मालिशीने वजनवाढ खनिज तेलापेक्षा अधिक वेगाने झाल्याचे नमूद आहे. ज्या सुइणींनी पिढ्यानपिढ्या हे काम शेरभर तांदूळ आणि लुगड्याच्या मोबदल्यात केले, त्यांना हे वाचून दाखवायला हवे होते.

दुसरा अनुभव भाजण्याचा. चुना पाण्यात विरघळू देऊन वरची स्वच्छ निवळी काढायची, तितकेच खोबरेल तिच्यात घालून बाटली हलवीत राहायचे, आणि ते मिश्रण दुधासारखे पांढरे व दाट झाले की भाजल्या जागेवर पिसाने लावायचे, हा उपाय महाराष्ट्रातल्या घराघरांत होता. निवळीतला चुना आणि तेलातली आम्ले यांचा तेथे एक सौम्य साबण बनतो, तो जखमेवर पातळ पडदा धरतो, वारा लागू देत नाही, म्हणून आग कमी वाटते. स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या मजुरांना जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी हेच मिश्रण लावीत, आणि इंग्रजी वैद्यकात ते त्या कारखान्याच्याच नावाने रूढ झाले. दोन दूरच्या मुलखांनी आपापल्या हाताशी असलेल्या तेलाने एकच युक्ती साधावी, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तथापि भाजल्याबरोबर जागा पुष्कळ वेळ गार पाण्याखाली धरावी आणि तेलकट काही लावू नये, कारण त्याने उष्णता आत कोंडते, हे आजच्या वैद्यकाचे सांगणे अधिक हिताचे आहे, आणि जुन्या उपायाच्या प्रेमापोटी ते डावलणे योग्य नव्हे.

भातलावणीच्या दिवसांत पाय चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. त्यांवर हळद घालून कढविलेले खोबरेल रात्री लावीत. टाचांच्या भेगांना मात्र कोकणाने कोकमाच्या बियांचे भिरंडेलच अधिक मानले. केसांविषयी मी फार लिहीत नाही, कारण माका, जास्वंद आणि ब्राह्मी घालून उकळलेल्या तेलाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. एवढेच सांगतो की २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखविले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्या-विंचरण्याने होणारी केसातील प्रथिनांची झीज कमी करते, आणि खनिज तेल व सूर्यफुलाचे तेल तसे करीत नाही. याचे कारण खोबरेलातला जवळजवळ निम्मा भाग व्यापणारे लॉरिक आम्ल, ज्याचा रेणू लहान आणि सरळ असतो.

कातडी आणि केस यांच्या पलीकडे या तेलाने पाऊल टाकले तेव्हा मात्र त्याचे यश संपत गेले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉम्प्टन येथील क्षयरुग्णालयाचे डॉक्टर थिओफिलस टॉम्प्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्यात क्षयाच्या रोग्यांना कॉड माशाच्या तेलाऐवजी नारळाचे तेल पाजून त्यांच्या रक्तात झालेल्या सुधारणेचा वृत्तान्त होता. क्षयाचा जंतू कॉखने शोधून काढला तो त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. खंगलेल्या माणसाला स्निग्ध अन्नाने काही काळ तरतरी येणे स्वाभाविक होते, आणि त्या तरतरीलाच रोगाचा उतार समजण्यात आले. आजही हे तेल चमचा चमचा प्यावे म्हणजे हृदय, मेंदू आणि पचन सर्व सुधारते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातील स्निग्धांशापैकी सुमारे नव्वद टक्के संपृक्त आहे, आणि त्याने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. अष्टागरातल्या बायकांनी ते बेताने खाल्ले आणि सढळ हाताने अंगाला लावले. त्यांचा हा विवेक मला त्या चमच्याच्या पुरस्कर्त्यांपेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो.

शनवार तेल्यांचे घाणे थांबले ते कोणा एका कारणाने नव्हे. अठराव्या शतकातच त्यांचे तरुण कंपनीच्या फौजेत आणि मुंबईतल्या सुतारकाम-गवंडीकामात शिरू लागले होते. फौजेतलेच एक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. शिक्षण आले, सरकारी नोकऱ्या आल्या, आणि घाणा मागे राहिलेल्या भाऊबंदांकडे गेला. दुसऱ्या बाजूने यंत्रांची स्पर्धा वाढली. मलबारचे खोबरे स्वस्तात मुंबईला उतरू लागले, १९१७ साली टाटा ऑइल मिल्स स्थापन होऊन कोचीनजवळ मोठ्या प्रमाणावर तेल निघू लागले, आणि शहरातल्या ग्राहकाला डब्यातले तेल सोयीचे वाटू लागले. १९३४ साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, तेथे झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला वर्धा घाणा तयार करून तेल्याच्या बैलाला आणि कमाईला आधार देण्याचा मनापासून प्रयत्न केला. पण तोपर्यंत अष्टागरातले पुष्कळ घाणे उभे राहिले होते ते केवळ अंगणात. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक ते चालवीत आले. तेलाचा धंदा मात्र तिकडे कोणी नेला नाही.

डब्यातल्या तेलाबरोबर भेसळीची भीती आली, आणि तिच्यावर लोकांनी आपली परीक्षा शोधली. शुद्ध खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. म्हणून देशावर पौष-माघात बाटली पांढरी घट्ट झाली नाही तर दुकानदाराशी भांडण ठरलेले असे. तेल कोणी गाळले हे माहीत नसल्यावर ग्राहकाच्या हाती एवढीच कसोटी उरली होती.

कायद्याने या तेलाकडे पाहिले ते वेगळ्याच दृष्टीने. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानावे की केशतेल, या प्रश्नावर महसूल खाते आणि कारखानदार यांच्यात वर्षानुवर्षे तंटा चालला, कारण खाद्यतेलावरचा कर केशतेलावरच्या करापेक्षा कमी असे; पुढे वस्तू व सेवा करात हे दर ५ आणि १८ टक्के झाले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही, तसे लेबलावर सांगितलेले असल्यासच ते केशतेल. पुढल्याच वर्षी केशतेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला. या साऱ्या वादात खाणे आणि केस यांची बाजू मांडली गेली; बाळाच्या मर्दनाची, चिखल्यांची आणि चुन्याच्या निवळीची बाजू मांडण्याचा प्रसंगच कोणावर आला नाही, कारण त्यासाठी करपत्रकात रकाना नव्हता.