आमच्या बाळांचे वाढदिवस : नंबर, तिथी आणि तारीख

घरातील मूल एक वर्षाचे झाले म्हणजे त्याचा वाढदिवस साजरा करावयाचा, ह्यात आज कोणास नवल वाटत नाही. सकाळी पाट मांडून औक्षण होते, सायंकाळी शेजारीपाजारी जमतात, केक कापला जातो, आणि आलेल्या मंडळींपुढे गातो-पिमांच्या बशा फिरू लागतात. ह्या गडबडीत एखादे वडीलधारे माणूस एक प्रश्न हटकून विचारते : ‘वाढदिवस तिथीने केलात की तारखेने?’ वरवर पाहता हा प्रश्न पंचांगाचा दिसतो. परंतु करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला आलेल्यांचे आपण वंशज आहोत. आपल्या बाबतीत ह्या साध्या प्रश्नाच्या मुळाशी एक मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलाबाळांस सांगण्याजोगा आहे.

आपले बहुतेक मराठी पूर्वज कोकणपट्टीतून, त्यातही विशेषतः रत्नागिरीकडील मुलखातून, आणि काही घाटमाथ्यावरून आले. त्या काळी तेथील कष्टकरी घरांत दरवर्षी वाढदिवस करण्याची चाल फारशी नव्हती. राजेरजवाड्यांकडे व शास्त्र जाणणाऱ्या घरांत जन्मतिथीस वर्धापनविधी होई. मार्कंडेयाचे व अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम ह्या सप्तचिरंजीवांचे स्मरण करून तीळगूळ घातलेले दूध प्राशन करीत. शेतकऱ्याच्या घरी मात्र सोहळा असे तो जन्माच्या आसपासचा. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा, कारण त्या रात्री ती बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते अशी श्रद्धा. बाराव्या दिवशी बारसे. पुढे उष्टावण आणि जावळ. मूल जगले, वाढले, की त्याचे वय लोक प्रसंगांवरून मोजीत. ‘अमक्या दुष्काळात जन्मला’, ‘तमक्या पुराच्या साली रांगत होता’ एवढे सांगितले म्हणजे पुरे होई.

जन्माची तारीख न ठेवण्यात कमीपणा होता असे मात्र कोणी समजू नये. साक्षात शिवछत्रपतींच्या जन्मतिथीविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. महाराष्ट्र शासनाने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली आहे. तरीही जयंती कोणी तारखेने करतात, कोणी तिथीने. छत्रपतींची ही गत, तर एखाद्या कुणब्याच्या पोराची जन्मवेळ कोण लिहून ठेवणार?

अशी ही माणसे मुंबई बंदरात जहाजावर चढली आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून आलेले छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले होते. त्यानंतरच्या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय ह्या बेटावर आले. त्यांत मुंबईमार्गे आलेल्यांची संख्या कलकत्ता व मद्रास ह्या बंदरांच्या मानाने थोडी होती. १८४९ पासून ज्या डेपोत त्यांना उतरवून घेत, तोच आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत.

त्या पायऱ्या चढून गेल्यावर काय होई? कारकून नाव विचारी, बापाचे नाव विचारी, गाव आणि जात विचारी, उंची मोजी, अंगावरील खुणा पाही. वय अंदाजानेच लिहिले जाई, कारण खरे वय स्वतः त्या माणसासही ठाऊक नसे. वयाचा उपयोग एकच होता : अंगात काम किती आहे हे मळेवाल्यास कळावे. मग त्या माणसास एक नंबर मिळे. आईच्या पदराआड उभ्या असलेल्या मुलासही नंबर मिळे. जहाज कोणत्या दिवशी लागले ही तारीख त्या वहीत असे. माणूस कोणत्या दिवशी जन्मला ही तारीख नसे. येथील सरकारच्या लेखी त्याचे आयुष्य धक्क्यावरच सुरू झाले होते.

करार संपल्यावर तरी त्या नंबरापासून सुटका झाली असती. पण तसे झाले नाही. १८६७ च्या मजूर कायद्याने करारातून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांस स्वतःच्या छायाचित्राचे तिकीट बाळगणे भाग पडले. ते जवळ नसले तर रस्त्यात शिपाई धरी, आणि दंड किंवा तुरुंगवास घडे. त्याच सुमारास बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली. १८६७ ह्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ज्या मातांनी त्या वर्षी तान्ह्या बाळांस पोटाशी धरून रात्री काढल्या, त्यांच्या लेखी मुलाचे पहिले वर्ष पुरे होणे ही केवढी गोष्ट असेल ह्याची कल्पना करावी. पुढे १८७१ साली अडॉल्फ द प्लेव्हिट्झ ह्या गृहस्थाच्या साह्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी आपली गाऱ्हाणी अर्जात मांडली. त्यावरून १८७२ साली शाही चौकशी आयोग येथे आला, आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

ह्या पार्श्वभूमीवर एका सामान्य कागदाचे महत्त्व ध्यानी येते. तो कागद म्हणजे सिव्हिल स्टेटस कचेरीतील जन्माची नोंद. तिकिटाचा कायदा बाहेरून आलेल्या मजुरांसाठी होता. येथे जन्मलेले मूल हे बेटाचे मूल, आणि ते तसे आहे हे सांगणारा पहिला पुरावा म्हणजे त्याच्या जन्माची तारीख. बापास सरकारने नंबर दिला होता. मुलास तारीख मिळाली. नोंदणाऱ्या कारकुनास आडनाव कळत नसे, म्हणून तो आलेल्या माणसाचे नुसते नावच घराण्याचे नाव म्हणून लिहून टाकी. आजही आपल्यातील कित्येकांच्या आडनावाच्या शेवटी ‘जी’ आहे. ते आडनाव म्हणजे कोणा एका पणजोबास गावातील माणसे ज्या नावाने हाका मारीत, ते त्याचे स्वतःचे नाव होय.

ह्या संदर्भात आमच्या घरातील एक गोष्ट सांगतो. माझ्या आजीस तिचा वाढदिवस कधी असे आम्ही मुले विचारीत असू. ती म्हणे, ‘मोठं तुफान झालं तेव्हा मी आईच्या पोटात होते रे. त्यानंतर ऊसतोडीत जन्मले.’ मोठे तुफान म्हणजे २९ एप्रिल १८९२ चे वादळ. त्यात बाराशेच्या आसपास माणसे दगावली. आजीच्या पश्चात मी तिच्या जन्माची नोंद काढविली. त्या कागदावर १८९२ सालचा ऑगस्ट महिना होता. म्हणजे आजीने एकाही आकड्यावाचून आपला जन्मकाळ अचूक सांगितला होता. त्याच कागदावर तिच्या वडिलांच्या नावापुढे त्यांचा सहा आकडी नंबर होता. लहानपणी ते आईबापांचे बोट धरून मुंबईहून आले होते. वर बापाचा नंबर आणि खाली लेकीची तारीख! तो कागद हाती घेऊन मी कचेरीच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

आजीचे मोजमाप असे ऊस आणि वादळ ह्यांच्या आधारे चाले ह्याचे कारण उघड आहे. कोकणात श्रावण म्हणजे पाऊस व हिरवी शेते. येथे श्रावण थंडीत येतो आणि मळ्यांतून ऊसतोड चाललेली असते. संक्रांत तेथे थंडीत, येथे भर उन्हाळ्यात, वादळांच्या दिवसांत. त्यामुळे तेथील महिन्यांची नावे येथील हवेशी जुळेनात. मात्र चंद्र दोन्हीकडे तोच होता. पौर्णिमेस तो येथेही पूर्ण दिसे, आणि चतुर्थीस गणपती येथेही बसे. म्हणून ऋतू उलटले तरी तिथी टिकली. तिथीचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ती तारखेच्या मागे पडते, अधिक मासाने पुन्हा सावरते, आणि एकोणीस वर्षांनी दोन्ही जवळजवळ एका ठिकाणी येतात. मुलाच्या एकोणिसाव्या वाढदिवशी पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून पाहावे. बहुधा त्या दिवशी घरातील वाद आपोआप मिटलेला आढळेल.

बोरन्हाणाचीही अशीच गंमत. लहान मुलास पहिल्या संक्रांतीनंतर बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ह्यांनी न्हाऊ घालण्याची आपली चाल आहे. त्या बोराच्या झाडास वनस्पतिशास्त्रात ‘झिझिफस मॉरिशियाना’ म्हणतात. आपण जी चाल कोकणातून आणली असे म्हणतो, तिच्यातील फळाच्या शास्त्रीय नावात आपल्याच बेटाचे नाव आहे!

आता केक आणि मेणबत्ती ह्यांविषयी. पुष्कळ वडील मंडळींस दिवा फुंकून विझविणे रुचत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. औक्षणात आपण ज्योत उजळतो, मालवीत नाही. तथापि मेणबत्तीविषयी माझ्या मनात एक निराळी आठवण आहे. १९६० साली फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल नावाचे वादळ ह्या बेटावर आले. त्याने हजारो घरे पाडली. आमचेही घर गेले. आम्ही एका शाळेत आश्रय घेतला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि वादळानंतर थोड्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावास पहिले वर्ष पुरे झाले. आई म्हणाली, ‘यंदा राहू दे.’ आजी म्हणाली, ‘पहिला वाढदिवस आहे. राहू कसा देणार?’

आमच्याजवळ निरांजन नव्हते, तेल नव्हते, सोन्याची अंगठी तर दूरच. आजीने डब्याचे झाकण घासून त्याचे तबक केले. अंगठीच्या जागी एक रुपयाचे नाणे ठेवले. तांदूळ शेजारच्या कुटुंबाकडून मिळाले. शेजारच्या वर्गात एक क्रिओल बाई आपल्या मुलांसह राहत होती; तिने वादळात जपून ठेवलेला मेणबत्तीचा तुकडा आणून दिला. त्या मेणबत्तीने माझ्या भावाचे औक्षण झाले. औक्षण झाल्यावर आजीने ती फुंकली नाही. दोन्ही कुटुंबे जेवेपर्यंत ती तशीच जळू दिली. त्या दिवशी तिथी कोणती होती हे कोणी पाहिले नाही. तारीख तेवढी आईस पाठ होती, कारण ती सिव्हिल स्टेटसच्या कागदावर होती, आणि तो कागद तिने पोलक्यात घालून वादळातून वाचविला होता.

त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. घर जात असताना आईने दागिना नव्हे, तर मुलाच्या जन्माचा कागद जपला. ज्यांच्या वडीलधाऱ्यांस तिकिटावाचून रस्त्याने चालण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरात कागदाची किंमत अशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली होती. १९०१ साली गांधीजी ह्या बेटावर आले असता त्यांनी आपल्या लोकांस मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचा उपदेश केला. मूल शाळेत घालावयाचे म्हणजेही प्रथम त्याची जन्मतारीखच सांगावी लागते. नंबर धारण करणाऱ्यांच्या नातवंडांनी तारखेच्या आधारे शाळेचा उंबरठा ओलांडला, आणि १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला तेव्हा ती त्याचे नागरिक म्हणून उभी राहिली.

तेव्हा तिथी की तारीख, ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मी असे देतो. तिथी आपणांस पूर्वजांनी दिली. ती त्यांनी जहाजातून डोक्यात ठेवून आणली, कारण गाठोड्यात जागा थोडी होती. तारीख आपण ह्या भूमीवर मिळविली. दोहोंपैकी एकीस घराबाहेर घालविण्याचे कारण नाही. सकाळी तिथीने औक्षण करावे, तारखेस मित्रमंडळींस बोलवावे. ज्यास दोनदा करणे जमत नाही त्याने सोयीचा एक दिवस धरावा. फक्त मुलास ओवाळताना त्याला ह्या दोहोंची कथा सांगावी.

आणखी एक विनंती आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या मूळ नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. आपल्या घराण्यातील पहिल्या माणसाची नोंद तेथे शोधावी. बाळाच्या पहिल्या वाढदिवशी ह्यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. त्या नोंदीत जन्मदिवस सापडणार नाही. आगमनाचा दिवस सापडेल. तो दिवस घरातील कॅलेंडरावर लिहून ठेवावा, आणि त्या दिवशी देवापाशी एक निरांजन लावावे. ज्याचा वाढदिवस आयुष्यात कोणी केला नाही, त्याच्या नावाने निदान तेवढे व्हावे.

गेल्या वर्षी आमच्या नातीस एक वर्ष पुरे झाले. सुनेने पाट मांडला, रांगोळी काढली, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. अंगठीच्या शेजारी मी एक जुने रुपयाचे नाणे ठेवले. सुनेने विचारले, ‘बाबा, हे कशासाठी?’ मग पाटावर बसलेल्या त्या चिमुरडीस पुढे ठेवून मी तिला वरील सारी हकिकत सांगितली. नात नाणे तोंडात घालू पाहत होती. ओवाळून झाल्यावर सुनेने ते तिच्या हातातून हळूच सोडवून घेतले आणि तिच्या जन्माच्या कागदाबरोबर कपाटात ठेवून दिले.