ससा विकत घ्यावा की दत्तक? अल्फारेटा परिसरातील मराठी कुटुंबांसाठी एक विवेचन

ईस्टर जवळ आला की अमेरिकेत सशाच्या पिल्लांना मागणी येते आणि पुढच्या काही महिन्यांत तेच ससे निवारा केंद्रांच्या दारात दिसू लागतात, असा प्राणिसेवी संस्थांचा अनुभव आहे. कुत्रा आणि मांजर यांच्यानंतर या केंद्रांत सर्वाधिक सोडला जाणारा पाळीव प्राणी ससाच, असे या संस्था सांगतात. अल्फारेटा परिसरातील मराठी घरांतही मुलांचा हट्ट बहुधा कुत्र्यापासून सुरू होतो आणि ‘त्यापेक्षा सोपा’ म्हणून सशावर येऊन थांबतो. ससा सोपा आहे हा समज आणि तो कोठून आणावा हा प्रश्न, दोन्ही एकत्रच तपासायला हवेत.

प्रजननाचे गणित

पाळीव ससा हा युरोपीय रानसशाचा वंशज आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. तिचे बीजांड समागमानंतरच सुटते आणि प्रसूतीनंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. लहान पिल्लांचे लिंग ओळखणे कठीण असल्याने ‘दोन माद्या’ म्हणून आणलेली जोडी नर-मादी निघाल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. घरात नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात गेल्यावरही घरात असतो.

पैदास करणाऱ्यांची बाजू

अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन ही १९१० मध्ये स्थापन झालेली संघटना सशांच्या जातींचे निकष ठरवते. जबाबदार पैदासकाराचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पिल्लाच्या आईवडिलांचे आरोग्य आणि स्वभाव त्याला ठाऊक असतो, दुर्मीळ जाती त्याच्यामुळे टिकतात आणि ४-एच उपक्रमातील मुले ससे वाढवताना पशुपालनाची शिस्त शिकतात.

मात्र शुद्ध वंश म्हणजे निरोगी वंश नव्हे. नेदरलँड ड्वार्फसारख्या बुटक्या जातींत बुटकेपणाच्या जनुकाची एकच प्रत मिळालेले पिल्लू लहानखुरे आणि गोंडस होते, पण दोन्ही पालकांकडून ती प्रत आलेले पिल्लू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावते. दोन बुटक्या सशांच्या मीलनातून सरासरी चारांतले एक पिल्लू असे जन्मते. ग्राहकाला दिसते ते जगलेले पिल्लू. उरलेल्या पिल्लाची नैतिक जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विक्रीच्या वेळी कोणी विचारत नाही.

कायद्याची मर्यादा

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना केवळ निवारा केंद्रांतून किंवा बचाव संस्थांकडून आलेले कुत्रे, मांजरे आणि ससेच विकता येत होते आणि २०२१ पासून दुकानांतील ही विक्रीही बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०२४ पासून दुकानांत या तिन्हींची विक्री बंद झाली. जॉर्जियात अशी राज्यव्यापी बंदी नाही. शिवाय हे कायदे दुकानांपुरतेच आहेत. घरातून किंवा जाहिरातीद्वारे विकणारा त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. ग्राहकाला समोरासमोर ससे विकणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला केंद्रीय प्राणीकल्याण कायद्याखालील परवानाही लागत नाही. भारतात २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत सशाचा स्पष्ट उल्लेख असून दुकानांना नोंदणी बंधनकारक आहे. तेथेही कागदावरचा नियम आणि बाजारातले पिंजरे यांत अंतर आहेच.

दत्तक घेताना

हाउस रॅबिट सोसायटी ही संस्था १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. ‘सशाची जागा परसातल्या खुराड्यात नव्हे, घरात’ हा विचार तिने रुजवला. तिच्याशी नाते असलेली जॉर्जिया हाउस रॅबिट सोसायटी अल्फारेटाच्या शेजारी, कॉब काउंटीतील मॅरिएटा येथे आहे. अशा संस्था नसबंदी करूनच ससा देतात. याने पिल्लांचा प्रश्न मिटतोच, शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांना उतारवयात वारंवार होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. स्वतंत्रपणे करायची झाल्यास ही शस्त्रक्रिया बहुतेकदा दत्तकशुल्काहून महाग पडते, कारण प्रत्येक पशुवैद्य ससे तपासत नाही.

दत्तक घेतल्याने जबाबदारी हलकी होत नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याचा मुख्य आहार सुके गवत असावा लागतो, गाजर नव्हे. जॉर्जियाचा ९० अंश फॅरेनहाइटचा उन्हाळा त्याला बाहेर सोसत नाही. उचलून घेतलेले बहुतेक सशांना आवडत नाही आणि नेमकी हीच गोष्ट लहान मुलांना हवी असते. कंटाळा आला म्हणून त्याला ‘निसर्गात’ सोडणे ही तर क्रूरताच होय. बिग क्रीक ग्रीनवेवर दिसणारे ससे कॉटनटेल या स्थानिक, वेगळ्या प्रजातीचे आहेत. पाळीव ससा तेथे ससाणे आणि कोयोटे यांच्यापुढे टिकत नाही. ‘ससेहोलपट’ हा शब्द मराठीत उगीच आलेला नाही.

निवड कशी करावी?

खरी कसोटी ‘विकत की दत्तक’ एवढ्यापुरती नाही. जन्माला घातलेल्या जिवाची जबाबदारी शेवटपर्यंत कोण घेतो, ही ती कसोटी होय. खरेदीदाराला नको झालेला ससा पाच वर्षांनीही परत घेण्याची लेखी हमी देणारा पैदासकार या कसोटीला उतरतो. अशी हमी न देणारा स्वतःचा नफा ठेवून भार मात्र निवारा केंद्रावर टाकतो. केंद्रे आधीच भरलेली असताना प्रत्येक नवी खरेदी पुढच्या विणीला प्रोत्साहन देते. म्हणून विशिष्ट जातीचे जतन हा हेतू नसलेल्या सामान्य कुटुंबाने आज दत्तकाचाच मार्ग धरणे नैतिकदृष्ट्या उचित ठरते.

आपल्यापैकी अनेकांचे वास्तव्य व्हिसावर आणि नोकरीच्या बदल्यांवर अवलंबून असते. डिसेंबरात चार आठवडे पुण्याला किंवा नागपूरला जाताना ससा कोणाकडे ठेवायचा, याचे उत्तर तो आणण्याआधीच हवे. ते नसेल तर ससे तात्पुरते सांभाळायला देणाऱ्या संस्थांची चौकशी करावी किंवा मुलांना घेऊन शनिवारी केंद्रात स्वयंसेवा करावी. त्यातून सशाच्या सहवासाची गरज भागते, मुलांना त्याची खरी निगा कळते आणि दहा वर्षांचे वचन देण्याआधी विचाराला अवधी मिळतो.