दोन रुपयांचें वेतन आणि राष्ट्रपतीची सही

आमची कामठी मूळची छावणीची. १८१७ त सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरकर भोसल्यांचें बळ मोडलें आणि १८२१ सालीं कन्हानच्या कांठीं इंग्रजांनीं येथें आपली फौज वसविली. छावणीचा कारभार हुकमानें चालतो. तेथें ठराव नाहीं, मतें नाहींत. परंतु येथून चार-पांच कोसांवर, नागपूरच्या कायदे-कौन्सिलांत, १९२४ सालीं हुकमाच्या सत्तेस ठरावानें वेसण घालण्याचा एक धीट प्रयत्न झाला. राष्ट्रपतीच्या अधिकारांस विधिमंडळानें मर्यादा कशी घालावी, हा प्रश्न निघाला म्हणजे आमचे विद्यार्थी अमेरिकेकडे बोट दाखवितात. १९७३ त अध्यक्ष निक्सन यांचा नकार डावलून तेथील काँग्रेसनें युद्धाधिकारांवर निर्बंध घातले, हें खरेंच. तथापि घरचा धडा आधीं वाचावा, असें आम्हांस वाटतें.

१९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. पोलीस, जमाबंदी, खजिना हीं खातीं राखीव राहिलीं व तीं गव्हर्नर आणि त्याचें कार्यकारी मंडळ यांच्या हातीं होतीं. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हीं सोंपीव खातीं मंत्र्यांकडे आलीं. १९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षास निर्भेळ बहुमत मिळालें तें एका मध्यप्रांतांतच. डॉ. मुंजे हे येथील पुढारी. १९२४ च्या आरंभीं कौन्सिलानें मंत्र्यांवर अविश्वास दर्शविला. पुढें अंदाजपत्रकांतील मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचें वेतन सालीना दोन रुपयांवर आणून ठेविलें.

परिणाम काय झाला? मंत्री गेले, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय जागच्या जागींच राहिले. राखीव खात्यांचा नामंजूर झालेला खर्च आवश्यक म्हणून प्रमाणित करण्याचा अधिकार त्यांस कायद्यानेंच दिलेला होता; सोंपीव खातींही त्यांनीं आपल्याकडे घेतलीं. नाक दाबलें म्हणजे तोंड उघडतें अशी म्हण आहे. पण येथें नाक दाबलें तें मंत्र्यांचें, आणि तोंड उघडावयाचें होतें तें गव्हर्नराचें! पुढच्याच वर्षीं, १९२५ त, कौन्सिलाचे अध्यक्ष व स्वराज्य पक्षाचे सभासद श्रीपाद बळवंत तांबे यांनीं गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळांतील जागा पत्करली. पंडित मोतीलाल यांनीं त्यांचा कडक निषेध केला, तर केळकर-जयकरांनीं त्यांची बाजू घेतली, आणि पक्षांत फूट पडली. तांबे यांस व्यक्तिशः दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या बहुमतावर सारी भिस्त ठेवावी तें एका खुर्चीनेंही दुभंगतें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

पंचवीस वर्षांनीं, १९४९ च्या ऑगस्टांत, घटना-समितींत आणीबाणीचीं कलमें चर्चेस आलीं, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णु कामत यांनीं जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला देऊन त्यांस निकराचा विरोध केला. तो विरोध फुकट गेला. कोणी म्हणेल, आपला राष्ट्रपति नामधारी. त्याच्या अधिकाराचें भय कशाला? आमचें उत्तर असें कीं भय तेथेंच आहे. लेखणी एकाची आणि इच्छा दुसऱ्याची, अशा ठिकाणीं जबाबदारी कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. २५ जून १९७५ च्या रात्रीं राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांनीं पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळास तें कळलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं. विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगांत असतां संसदेनेंही बहुमतानें त्या घोषणेस मान्यता दिली. १९२४ त बहुमत दुबळें ठरलें. १९७५ त तेंच आज्ञाधारक ठरलें.

म्हणूनच १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचें महत्त्व आम्ही विशेष मानतों. तिनें राष्ट्रपतीच्या सहीपेक्षां त्या सहीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर पहारा बसविला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्यावांचून घोषणा करतां येत नाहीं. ‘अंतर्गत अशांतते’चें सैल कारण जाऊन त्या जागीं ‘सशस्त्र बंड’ आलें. दोन महिन्यांऐवजीं एका महिन्यांत दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, आणि तीही उपस्थित मतदारांच्या दोन-तृतीयांशांची व एकूण सभासदांच्या बहुमताची. दर सहा महिन्यांनीं ती पुन्हां घ्यावी लागते. लोकसभेच्या एक-दशांश सभासदांनीं नोटीस दिल्यास चौदा दिवसांत खास बैठक भरवावी लागते. तेथें साधें बहुमत विरुद्ध गेलें तरी घोषणा मागें घ्यावी लागते. लावण्यास बहुत हात आणि काढण्यास थोडे, ही या व्यवस्थेची खरी मख्खी. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क तर आणीबाणींतही बजावून घेतां येतो.

नागपूरच्या कौन्सिलापाशीं धैर्य होतें, मतेंही होतीं. नव्हता तो त्यांच्या बाजूचा कायदा. आज तो कायदा आहे. परंतु एक-दशांश सभासद नोटिशीवर सही करण्यास पुढें येतील कीं नाहीं, हें कोणतेंही कलम ठरवूं शकत नाहीं. दोन रुपयांचा तो ठराव हरला खरा. तथापि तशी मतें देणारीं माणसें नसतील, तर घटनेंतील हा पहाराही उभ्या उभ्याच झोंपीं जाईल.